धर्मांतर आणि जीवनांतर : रेव्ह. नारायण वामन टिळकांच्या चरित्राचा एक अन्वय

१

पुण्याहून नाशिककडे जाणारा रस्ता भोसरी सोडल्यावर मोशीजवळ इंद्रायणी ओलांडतो आणि चाकणच्या कारखान्यांच्या परिसरात शिरतो. या पुलाच्या वरच्या अंगाला देहू आहे आणि खालच्या अंगाला आळंदी. १९६० नंतर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी आणि पुढे चाकण हा सारा पट्टा यंत्रांच्या घरघरीने भरून गेला. नगर, मराठवाडा, विदर्भ येथून कामाच्या शोधात आलेली हजारो कुटुंबे येथे स्थिरावली. त्यांत मराठी ख्रिस्ती कुटुंबेही होती. त्यांच्या रविवारच्या उपासनेत जी मराठी पदे आजही म्हटली जातात, त्यांतील कितीतरी एका चित्पावन ब्राह्मण कुळात जन्मलेल्या आणि नाशिकच्या वेदशास्त्रसंपन्न परंपरेत घडलेल्या कवीची आहेत. तो कवी म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९). टिळकांचे आयुष्य नाशिक, नागपूर, मुंबई, अहमदनगर आणि सातारा येथे गेले. परंतु ज्या भाषेत त्यांनी आपली श्रद्धा मांडली ती भाषा इंद्रायणीच्या काठची होती. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची स्वतःविषयीची धारणा होती.

मराठी वाङ्मयेतिहासात टिळकांची नोंद प्रायः दोन स्वतंत्र खात्यांत होते. ‘फुला-मुलांचे कवी’ म्हणून ते अर्वाचीन कवितेच्या पहिल्या पर्वात येतात आणि भजनकार म्हणून ख्रिस्ती मराठी वाङ्मयाच्या प्रकरणात. या विभागणीमुळे त्यांच्या चरित्रातील मध्यवर्ती प्रश्न दृष्टीआड होतो. ख्रिस्ती श्रद्धेने या माणसाच्या जीवनात नेमके काय पालटले? बाप्तिस्म्याची तारीख सांगितल्याने या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. धर्मांतर एका दिवसात होऊ शकते. जीवनांतराला वर्षे लागतात. टिळकांच्या बाबतीत तर ते चोवीस वर्षे चालले आणि त्याची सर्वांत कठोर परीक्षा चर्चमध्ये न होता घरात झाली. प्रस्तुत लेखात टिळकांचे चरित्र या दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

२

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील वामनराव स्वभावाने अत्यंत तापट होते. आई जानकीबाई मृदू, धर्मशील आणि कवितेची आवड असलेली. प्राथमिक शिक्षण कल्याणला होत असताना नारायण अकरा-बारा वर्षांचा असतानाच आईचा मृत्यू झाला आणि त्याच्यापुरते घर संपले. वडिलांच्या छत्राखाली राहणे अशक्य झाल्याने तो बाहेर पडला आणि नाशिकला आला. येथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारखा विद्वान गुरू लाभला. संस्कृत काव्याचा व्यासंग, पाठांतराची शिस्त आणि छंदोरचनेवरील हुकमत ही त्यांची या काळातील कमाई होय. इंग्रजी शाळेतही ते सुमारे दोन वर्षे होते. औपचारिक शिक्षण तेथेच थांबले.

आईकडून आलेली कोमलता आणि वडिलांकडून आलेला क्रोध या दोन वारशांचा झगडा टिळकांच्या स्वभावात अखेरपर्यंत दिसतो. चरित्रकाराने हा तपशील केवळ बालपणाची पार्श्वभूमी म्हणून सांगून पुढे जाऊ नये. पुढे ज्या शिकवणीने त्यांना जिंकले तिच्या केंद्रस्थानी क्षमा आणि पितृत्व या दोन कल्पना होत्या. ज्या मुलाला पित्याची माया मिळाली नाही त्याला ईश्वर पिता आहे हा विचार किती खोलवर भिडला असेल, याची कल्पना त्यांची भजने वाचताना येते. त्यांच्या भजनांत ईश्वर कित्येकदा आईच्या रूपानेही येतो. मराठी संतांना विठ्ठल ही माउली होती. टिळकांनी ख्रिस्तालाही त्याच नात्याने हाक मारली.

वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले कुटुंबातील मनकर्णिका हिच्याशी त्यांचा विवाह झाला. वधू अवघी अकरा वर्षांची होती. याच पुढे लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) म्हणून मराठी वाङ्मयात चिरस्थायी झाल्या. त्यांचे माहेर सोवळ्याओवळ्याच्या अतिरेकाने ग्रासलेले होते. वडिलांचे सोवळे हा त्या घरातील सर्वांच्याच छळाचा विषय होता. सासर म्हणजे एका ठिकाणी न टिकणारा, नोकऱ्या धरणारा आणि सोडणारा, हातात पैसा न ठरणारा, अकस्मात घरातून नाहीसा होणारा नवरा. शिक्षक, पुराणिक, छापखान्यातील जुळारी अशी नाना कामे टिळकांनी या काळात केली. या भटकंतीचे कारण केवळ दारिद्र्य नव्हते. एका जागी मन लागू न देणारी काहीतरी तहान त्यांना हिंडवीत होती.

३

१८९१ च्या सुमारास टिळक नागपूरला श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयास राहिले. संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे व संपादनाचे काम त्यांच्याकडे होते. हिंदू धर्मविषयक चर्चेसाठी त्यांनी ‘ऋषी’ नावाचे मासिकही चालविले. म्हणजे ख्रिस्ताकडे वळण्यापूर्वी टिळक स्वधर्माच्या अभ्यासात आकंठ बुडालेले होते. उपेक्षेने वा अज्ञानाने त्यांनी पूर्वजांचा धर्म सोडला, या आक्षेपाला त्यांच्या चरित्रात आधार सापडत नाही. उलट अभ्यास जसजसा वाढला तसतशी जातिभेद आणि मूर्तिपूजा यांविषयीची त्यांची अस्वस्थता तीव्र होत गेली. मनुष्यमात्राच्या बंधुत्वावर उभारलेला एखादा नवा धर्म आपणच स्थापावा, असा विचारही त्यांच्या मनात या सुमारास घोळत होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रार्थनासमाज, सत्यशोधक समाज, आर्यसमाज यांनी निर्माण केलेल्या वातावरणात हा विचार अगदीच एकाकी नव्हता.

१८९३ साली नागपूर सोडून राजनांदगाव संस्थानाकडे जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाशी त्यांची गाठ पडली. फ्री मेथडिस्ट पंथाचे मिशनरी अर्नेस्ट वॉर्ड ते हेच, असे पुढील संशोधनातून मानले गेले आहे. संभाषण प्रथम कवितेवर झाले, नंतर धर्मावर. निरोप घेताना त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते भाकीत हास्यास्पद वाटले. मात्र पुस्तक वाचण्याचा शब्द त्यांनी दिला आणि पाळला. टीकाकाराच्या वृत्तीने, खुणा करीत वाचण्याचा त्यांचा बेत होता. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापर्यंत ते पोहोचले आणि वाचकाची भूमिका पालटली. ज्या प्रश्नांची उत्तरे ते शास्त्रग्रंथांत शोधीत होते त्यांची उत्तरे त्यांना या काही पृष्ठांत सापडली. शत्रूवर प्रेम करा, दोष काढू नका, गुप्तपणे दान करा, या आज्ञांत त्यांना तत्त्वज्ञानापेक्षा वेगळे काही मिळाले. आचरणाची हाक त्यांना ऐकू आली.

मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार सुरू झाला. ओळखीपाळखीच्या मंडळींत कुजबूज वाढली, आश्रय तुटू लागला. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस अमेरिकन मिशनच्या चर्चमध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला. वॉर्ड यांनी दिलेली मुदत अद्याप पुरी व्हायची होती.

येथे चरित्रकाराला थांबावेच लागते, कारण या घटनेची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. टिळकांनी हा निर्णय पत्नीला न कळविता घेतला. प्रेमाच्या शिकवणीने जिंकलेल्या माणसाचे त्या शिकवणीखालचे पहिले पाऊल पत्नीला वाऱ्यावर सोडणारे ठरले. लक्ष्मीबाईंना ही वार्ता माहेरच्या माणसांत असताना समजली. त्या काळातील ब्राह्मण समाजात नवरा बाटला याचा अर्थ स्त्री धड सवाष्णही नाही आणि धड विधवाही नाही, असा होता. पदरी लहान मुलगा दत्तू होता. पुढील सुमारे चार-पाच वर्षे जलालपूर, नाशिक, पंढरपूर अशा ठिकाणी आप्तांच्या आधाराने त्यांनी काढली. दुःखाने त्यांचे शरीर आणि मन दोन्ही खचले. टिळक पत्रे लिहीत, कविता पाठवीत, भेटीस येत. पण ज्या वेदना त्यांच्या निर्णयाने निर्माण झाल्या त्यांची भरपाई कवितेने होणारी नव्हती. बाप्तिस्म्याचा दिवस टिळकांच्या मुक्तीचा मानला, तर त्याच दिवसापासून लक्ष्मीबाईंचा वनवास सुरू झाला, हेही मान्य केले पाहिजे.

४

१८९९ च्या सुमारास लक्ष्मीबाई अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) पतीकडे राहावयास आल्या. येथे त्यांनी आरंभी आपले सोवळे, आपली चूल आणि आपले पाणी वेगळे ठेवले. टिळकांनी त्यांना तसे राहू दिले. ही गोष्ट वरवर किरकोळ दिसते. परंतु टिळकांच्या जीवनांतराचा पहिला ठोस पुरावा म्हणून ती मोलाची आहे. ज्याने पत्नीला विचारल्यावाचून धर्म बदलला, तोच पुरुष आता पत्नीच्या श्रद्धेवर कोणतेही दडपण आणीत नाही, तिच्या विटाळाच्या कल्पना सोसतो आणि वाट पाहतो. त्या काळातील पतीच्या अधिकाराचा विचार करता हा संयम असामान्य होता, आणि टिळकांच्या मूळ उतावळ्या स्वभावाचा विचार करता तर तो अधिकच असामान्य होता.

लक्ष्मीबाईंमधील परिवर्तन त्यांच्या स्वतःच्या वाटेने आले. प्रथम जातिभेद गेला. तो ईश्वराने केलेला नसून माणसाने केलेला आहे, हा निष्कर्ष कोणाच्याही उपदेशावाचून, स्वतःच्या साध्या आणि रोखठोक तर्काने त्यांनी काढला आणि त्यानंतर कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याची मनाची तयारी केली. श्रद्धा त्यामागून आली. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. नवरा-बायको एकाच धर्मात आली तरी दोघांचे मार्ग अगदी भिन्न होते. टिळक ग्रंथातून ख्रिस्ताकडे आले आणि मग माणसांकडे वळले. लक्ष्मीबाई आधी माणसांपर्यंत पोहोचल्या आणि मग ख्रिस्तापर्यंत.

याच सुमारास, १८९९–१९०० मध्ये, महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला. नगर जिल्हा त्यात होरपळला. प्लेगही ठाण मांडून होता. मिशनच्या आवारात अनाथ मुलांची दाटी झाली. टिळकांच्या घराचे दार सर्वांना उघडे होते. जलालपूरच्या ज्या मुलीला दुसऱ्याची सावली टाळण्याचे शिक्षण मिळाले होते तिच्या स्वयंपाकघरात आता नाना जातींची, पोरकी, उपासमारीने खंगलेली लेकरे जेवू लागली. साथीच्या काळात आजाऱ्यांच्या शुश्रूषेसाठीही लक्ष्मीबाई पुढे झाल्या. ख्रिस्ती श्रद्धेने जीवन पालटते या विधानाचा अर्थ शोधावयाचा तर तो या स्वयंपाकघरात शोधावा लागेल. तेथे नव्या सिद्धांताची चर्चा नव्हती. ताटे मांडण्याची रीत बदलली होती.

टिळकांचे सर्व दोष मात्र धुऊन निघाले नाहीत. ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ याविषयी कमालीचा प्रामाणिक आहे. क्रोध उफाळून येत राहिला, पश्चात्तापही तितक्याच वेगाने येत राहिला. पगार घरी पोहोचण्यापूर्वीच कोणा गरजूच्या हाती जाई आणि संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. गुप्तदानाची आज्ञा ते इतक्या निष्ठेने पाळीत की घरच्या डब्यातील पिठालाही त्याचा पत्ता नसे. श्रद्धेने मनुष्याचा स्वभाव नष्ट होत नाही; त्याला एक नवे न्यायासन मिळते, ज्यापुढे तो दररोज उभा राहतो. टिळकांच्या चरित्रातून मिळणारा हा निष्कर्ष संतचरित्राच्या साच्यात बसणारा नाही, आणि म्हणूनच तो अधिक विश्वसनीय आहे.

५

टिळकांनी अहमदनगरच्या ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या विद्यालयात अध्यापन केले. १९०४ साली त्यांना धर्मोपदेशकपदाची दीक्षा मिळाली. १८४२ पासून निघत असलेल्या ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन १९१२ पासून मृत्यूपर्यंत त्यांनी केले. या सर्व कार्यातील वाङ्मयीन दृष्ट्या सर्वांत दूरगामी भाग म्हणजे त्यांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला दिलेली भाषा.

मराठीत ख्रिस्ती वाङ्मय टिळकांपूर्वीही होते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोमंतकात छापले गेले. एकोणिसाव्या शतकात बाबा पदमनजींनी, १८५४ मधील बाप्तिस्म्यानंतर, ‘यमुनापर्यटन’ (१८५७) लिहून विधवांचा प्रश्न कादंबरीच्या रूपाने मांडला. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती सदनाच्या रूपाने परित्यक्ता, विधवा आणि दुष्काळग्रस्त मुलींचे एक मोठे घर उभारले. नगरच्या ख्रिस्ती मंडळीत कीर्तनाची प्रथाही टिळकांपूर्वीच रुजली होती. परंतु सामुदायिक उपासनेतील गायनावर इंग्रजी स्तोत्रांच्या भाषांतरांचे आणि परक्या चालींचे वर्चस्व होते. मराठी शब्द त्या चालींत अवघडून बसत. गाणारा मराठी माणूस आपल्याच घरात पाहुणा होई.

टिळकांनी हे चित्र पालटले. अभंग, ओवी, पद, आरती या रचनाप्रकारांत त्यांनी शेकडो भजने रचली. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातील त्यांचा वाटा कोणाही एका रचनाकारापेक्षा मोठा आहे. ‘अभंगांजली’तील रचना वाचताना तुकोबांच्या अभंगांचा ठसा जाणवतो. हे बाह्य अनुकरण नव्हे. तुकोबांचा आत्मनिंदेचा सूर, देवाशी केलेले भांडण, संसाराचा उबग आणि नामाची ओढ यांची प्रकृती टिळकांच्या अनुभवाशी मुळातच जुळणारी होती. ज्या देहूच्या वाण्याने दुष्काळात घर गमावले आणि त्यानंतर विठ्ठल जोडला, त्याच्या वाणीत दुष्काळी नगरच्या या कवीला आपल्या श्रद्धेची भाषा सापडली. भारतीय ख्रिस्ती माणसाने पाश्चात्त्य पेहरावातच देवापुढे उभे राहिले पाहिजे, हे त्यांना मान्य नव्हते. देशप्रेम आणि ख्रिस्तप्रेम यांत त्यांनी कधी विरोध मानला नाही.

याच भूमिकेतून त्यांनी १९०९ साली ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य हाती घेतले. सुमारे दहा अध्याय त्यांच्या हातून झाले. उरलेली प्रचंड रचना त्यांच्या मागे लक्ष्मीबाईंनी केली. ज्यांना विवाहानंतर नवऱ्याने अक्षरओळख करून दिली, ज्यांचे औपचारिक शिक्षण झालेच नव्हते, त्या स्त्रीने मुंबई, कराची अशा मुक्कामांत, वाढत्या वयात, चौसष्ट अध्याय लिहिले. १९३८ साली, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ‘ख्रिस्तपुराणा’चा कर्ता मराठी शिकून ओवीकडे आला होता, ‘ख्रिस्तायना’चे दोन्ही कर्ते ओवीच्या दळणातच वाढले होते. दोन ग्रंथांच्या भाषेतील फरकाचे मूळ येथे आहे.

६

टिळकांच्या निसर्गकवितेकडेही याच संदर्भात पाहिले पाहिजे. ‘वनवासी फूल’ या दीर्घकाव्यातील विजनवास विरुद्ध लोकसेवा हा संवाद म्हणजे त्यांच्या स्वतःच्या मनातील वादाचे रूप होय. रानात एकाकी फुलणे श्रेष्ठ, की माणसांत जाऊन त्यांच्यासाठी झिजणे श्रेष्ठ? ज्याच्या रक्तात भटकंती होती आणि ज्याच्या श्रद्धेने त्याला माणसांत पाठविले होते, त्याला हा प्रश्न शब्दक्रीडेसाठी पडलेला नव्हता. शिकाऱ्याने मारलेल्या पक्षिणीवरील त्यांची कविता शालेय पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. तिच्यातील करुणा ही भाबडेपणा नव्हे. लहान आणि निराधार जिवाच्या बाजूने उभे राहण्याचा जो स्वभाव दुष्काळात अनाथ मुलांकडे वळला, तोच येथे पाखराकडे वळला आहे. निसर्गकवी टिळक आणि ख्रिस्ती टिळक अशी फाळणी या ठिकाणी टिकत नाही.

या श्रद्धेच्या उदारतेचे एक उदाहरण म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, अर्थात बालकवी (१८९०–१९१८). १९०७ साली जळगावला भरलेल्या कविसंमेलनात या कोवळ्या कवीचे गुण सर्वांच्या नजरेत भरले. पुढे तो टिळकांच्या नगरच्या घरी येऊन राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखे सांभाळले. एक ब्राह्मण तरुण ख्रिस्ती कुटुंबात राहतो, त्यांचा लाडका होतो, कविता लिहितो आणि आपल्या धर्मातच राहतो, ही गोष्ट त्या काळात सामान्य नव्हती. प्रेम हे धर्मांतराचे साधन म्हणून वापरावयाचे नसते, हे टिळक दांपत्याला पुरते उमगले होते, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. १९१८ मध्ये बालकवींचा रेल्वे अपघातात अकाली मृत्यू झाला तेव्हा हे घर पुत्रशोकाने काळवंडले.

७

टिळकांच्या जीवनांतराचा शेवटचा टप्पा १९१७ चा आहे. मिशनच्या चौकटीत त्यांनी बावीस वर्षे काढली. तेथील स्नेहाबद्दल ते कृतज्ञ होते. परंतु परदेशी पैशावर आणि परदेशी व्यवस्थेवर उभे असलेले चर्च भारतीय मनाला आपले वाटणार नाही, हा त्यांचा विचार हळूहळू निर्णयापर्यंत आला. पगारी धर्मोपदेशक आणि त्याचे ऐकणारे आश्रित, या नात्यात ख्रिस्ताचे बंधुत्व कोठे बसते? त्यांनी मिशनच्या सेवेचा राजीनामा दिला, संन्यस्त वृत्ती धारण केली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ ही कल्पना प्रत्यक्षात आणण्यास आरंभ केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, परंतु ख्रिस्ताला गुरू मानणारे सर्व या दरबारात समान असावेत, अशी ती योजना होती. एके काळी नवा धर्म स्थापण्याचे स्वप्न पाहणाऱ्या तरुणाची आठवण येथे होते. फरक इतकाच की आता त्या स्वप्नात संस्थापकाचे सिंहासन रिकामे होते. टिळक स्वतः दरबारातील एक सेवक होते.

संन्यासाचा हा निर्णय पुन्हा एकदा लक्ष्मीबाईंच्या संसारावर आघात करणारा होता. पण १८९५ आणि १९१७ यांत महत्त्वाचे अंतर आहे. या वेळी पत्नी परकी नव्हती. वाद झाले असतील, ओढाताण झाली. तरी ती आता त्यांच्या प्रवासाची साक्षीदार आणि वाटेकरी होती. दरबार फार वाढू शकला नाही. टिळकांची प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले. संघटना म्हणून ‘देवाचा दरबार’ त्यांच्या मागे टिकला नाही. तथापि पुढे भारतीय ख्रिस्ती धर्मचिंतनात स्वदेशीपणाचा जो विचार झाला त्यात टिळकांचे नाव आवर्जून घ्यावे लागते. ख्रिस्त सेवा संघ स्थापणारे रेव्ह. जे. सी. विन्स्लो यांनी १९२३ साली इंग्रजीत टिळकांचे चरित्र लिहिले, हेही या संदर्भात लक्षणीय आहे.

८

टिळकांच्या चरित्राची साधने पाहिली तर त्यांतील सर्वांत मोठे साधन ‘स्मृतिचित्रे’ हेच ठरते. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राचा विषय लक्ष्मीबाईंचे जीवन असला तरी त्याचा नायक टिळकच आहेत. ज्या स्त्रीवर त्यांच्या श्रद्धेने सर्वाधिक अन्याय केला, तिच्याच लेखणीने त्यांना अमरत्व दिले. हे लेखन भक्तीने आंधळे झालेले नाही. नवऱ्याचा राग, विसराळूपणा, अव्यवहार आणि पत्नीची झालेली फरफट यांवर ते हसत हसत बोट ठेवते. त्या हसण्यात कडवटपणा नाही. दुखावल्या गेलेल्या माणसाने कडवटपणा न धरता पूर्ण सत्य सांगावे, ही क्षमेची फार वरची पायरी होय. डोंगरावरील प्रवचनाने टिळकांना ज्या क्षमेचे वेड लावले ती क्षमा त्यांच्यापेक्षा अधिक पूर्णत्वाने त्यांच्या पत्नीच्या गद्यात उतरली, असे म्हणण्यास हरकत नाही.

यावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, टिळकांच्या बाबतीत ख्रिस्ती श्रद्धेने परंपरा तोडली नाही, परंपरेतील एक प्रवाह अधिक वेगाने वाहता केला. तुकोबांशी असलेले नाते धर्मांतराने तुटण्याऐवजी घट्ट झाले. दुसरा असा की, हे परिवर्तन व्यक्तीपुरते मर्यादित राहिले नाही. घर, पंगत, उपासनेचे गाणे आणि मराठी गद्य यांपर्यंत ते पोहोचले. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा की, या परिवर्तनाची किंमत होती आणि ती बव्हंशी एका स्त्रीने दिली. धर्मांतराच्या कथा सांगताना परिवर्तित पुरुषाच्या आनंदावर प्रकाश पडतो आणि ती किंमत अंधारात राहते. टिळकांच्या चरित्राचे भाग्य असे की ज्या व्यक्तीने किंमत दिली तिनेच तो हिशेब मांडून ठेवला.

कारखान्यांच्या पाळ्या सांभाळून रविवारी एकत्र जमणाऱ्या पिंपरी-चिंचवडमधील मराठी ख्रिस्ती मंडळीला टिळकांच्या आयुष्याचे हे सर्व तपशील ठाऊक असतीलच असे नाही. पण त्यांच्या ओठांवर अभंगाची चाल आहे आणि ती चाल देहूहून आलेली आहे. इंद्रायणीचे दोन्ही काठ जोडणाऱ्या या भाषिक वारशाचा अभ्यास मराठीच्या अभ्यासकांनी ख्रिस्ती वाङ्मय या स्वतंत्र कप्प्यात न ठेवता भक्तिपरंपरेच्या मुख्य इतिहासात करावा, एवढेच या निमित्ताने सुचवावेसे वाटते.